पाण्यात दोष नव्हता

आणखी एक मासा मेला त्या दिवशी बिट्टीनं जेवताना, ताटातून मान वर न करता, सरळ सांगून टाकलं, "काकू आल्यापासूनच मासे मरायला लागलेत."

आजोबांचा घास हातातच राहिला. बिट्टीचे बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून नुकतेच आले होते, त्यांच्या नखांत अजून ग्रीस होतं. ते मुलीला रागावले खरे, पण त्या रागावण्यात काही दम नव्हता, आणि काकूला मुलीच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

काकू म्हणजे काही बिट्टीची काकू नव्हे. बिट्टीची आई वारल्यावर तिच्या बाबांनी दुसरं लग्न केलं आणि ती या घरात आली. आई म्हणायचा प्रश्नच नव्हता, नुसतं नाव घेणं बरं दिसलं नसतं, तेव्हा बिट्टीनंच तिला काकू म्हणायचं ठरवलं आणि बघता बघता शेजारपाजारचेही काकू म्हणायला लागले. तिची काही तक्रार नव्हती. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, दांड्या वाकवून कानांमागे नीट बसतात का ते बघायची. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याला हात लावायचा तर आधी त्याला जरा सैलावू द्यावं लागतं, हे तिला या कामानं शिकवलं होतं. मुलीच्या बाबतीतही ती तसंच वागत होती. मागे लागायचं नाही, पण दूरही जायचं नाही.

माशांची टाकी मात्र बिट्टीच्या आईची. तिनं ती हौसेनं आणलेली, हॉलच्या कोपऱ्यात बुटक्या कपाटावर ठेवलेली. कपाटामागे, अगदी भिंतीला चिकटून, हवेचा पंप दिवसभर घूं घूं करत असायचा आणि त्याची नळी पाण्यात बुडबुडे सोडायची. आईच्या वेळचे दोन गोल्डफिश होते. एक ढेरपोट्या भोपळ्या आणि दुसरी लांब शेपटीची राणी. राणी गेली तेव्हा बिट्टी शाळेलाही गेली नाही. मग बाबांनी तिची समजूत काढायला नवे मासे आणले. तेही एकेक करून गेले. भोपळ्या तेवढा तग धरून होता.

मरण्याची तऱ्हा प्रत्येकाची सारखीच. आधी मासा उगाचच टाकीभर सैरावैरा धावायचा, काचेवर आपटायचा, मग वर येऊन तोंड उघडबंद करत राहायचा, आणि शेवटी एका कुशीवर कलंडून गोल गोल फिरायचा. बिट्टी ते सगळं टाकीसमोर बसून बघायची. रडायचीही नाही. काकूला जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावासा वाटायचा, पण तशी सोय नव्हती.

जेवणाच्या त्या प्रसंगानंतर स्वयंपाकघरात भांडी आवरताना नवऱ्यानं विषय काढला. चाचरतच. "मी आपलं विचारतो हं, टाकीची काच पुसताना तू काही लावतेस का? दुकानातलं ते लेन्स पुसायचं पाणी वगैरे?"

"कोरड्या कपड्यानं पुसते," ती म्हणाली.

"तेच. मला वाटलंच."

वाटलंच होतं तर विचारलं कशाला, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. पण त्याच क्षणी तिनं मनाशी ठरवलं, की या माशांचा छडा लावायचाच. आता प्रश्न नुसता माशांचा राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गेली. दुकानदार जाडजूड, बोलायला तोंडाळ, पण माशांच्या बाबतीत जीव लावणारा माणूस. त्यानं तिची उलटतपासणीच घेतली. खायला किती घालता? पाणी कधी बदलता? सगळं एकदम बदलता का? फिल्टरचा स्पंज नळाखाली धुता का? ती एकेक सांगत गेली आणि तो कपाळावर हात मारून घेत गेला. कारण घरात सगळ्या चुका झालेल्या होत्या. बिट्टी मुठीनं खाणं टाकायची. बाबांनी राणी गेल्यावर सगळं पाणी उपसून नळाचं ताजं पाणी भरलं होतं, स्पंज साबणानं पांढरा शुभ्र करून ठेवला होता. दुकानदार म्हणाला, त्या स्पंजमध्येच तर माशांची घाण पचवणारे जंतू राहतात, ते तुम्ही धुऊन टाकलेत. मासे बिचारे स्वतःच्याच घाणीत गुदमरले.

काकूला एवढं बरं वाटलं की तिनं त्याचे दोनदा आभार मानले. कारण सापडलं होतं आणि त्यात ती कुठंच नव्हती.

मग घरात रीत बदलली. खाणं चिमूटभर. पाणी थोडंच काढायचं, आणि भरायचं ते बादलीत आदल्या दिवसापासून ठेवलेलं, औषधाचे थेंब टाकून नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवलेलं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा. दुकानदारानं पाणी तपासायची छोटी बाटली दिली होती. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळं झालं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीचं विष. सुरुवातीला पाणी गवतासारखं हिरवंगार व्हायचं. हळूहळू ते पोपटी झालं आणि मग एकदा पिवळं धमक झालं. बिट्टीनं नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि ती काकूकडे बघून हसली. अगदी ओझरतं, पण हसली.

तेवढ्यात शाळेला सुट्टी लागली. नवे दोन मासे आणले, ते मजेत राहिले. भोपळ्यानंही पुन्हा टाकीच्या तळाचे खडे उकरायला सुरुवात केली. घरावरचं मळभ गेल्यासारखं झालं.

शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही नवे मासे मेले.

काकूनं पाणी तपासलं. पिवळं. पुन्हा तपासलं. पिवळंच. टाकीतलंच थोडं पाणी डबीत घेऊन ती दुकानदाराकडे धावली. त्यानं स्वतःकडचे थेंब टाकून बघितलं आणि मान हलवली. पाण्यात दोष नाही. मासे कसे मेले ते तिनं सविस्तर सांगितलं, तसं त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"घरात झुरळांचा, मुंग्यांचा स्प्रे मारता का?" त्यानं विचारलं.

"नाही. मला वासच सहन होत नाही. घरात आणलेलाच नाही."

"मग कोणीतरी पाण्यात काही टाकतंय," तो म्हणाला. "तुम्ही घरातलं बघा."

परतताना तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. घरातलं बघा म्हणजे कोणाचं बघा? ती विचार करायला लागली आणि नको तिथं जाऊन पोहोचली. सुट्टीत हॉलमध्ये सतत कोणी ना कोणी असायचं, तेव्हा मासे जगले. शाळा सुरू झाली की मरतात. शाळेतून बिट्टी दुपारी परत येते तेव्हा ती स्वतः दुकानात, नवरा कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या शाफ्टमध्ये, आणि आजोबा आपल्या खोलीत पडलेले. हॉलमध्ये असते एकटी बिट्टी. आणि मासे मेले की बोट कोणाकडे जातं? मनात शंकेची पाल चुकचुकली आणि तिची तिलाच शरम वाटली. आईच्या आठवणीला पोर हात लावेल? पण आईची राणी तर पाणी घाण झाल्यानं मेली असेल. नंतरचे सगळे दुकानातलेच. भोपळ्या तर अजून जिवंत आहे. जितकं झटकावं तितकं ते जास्तच जुळत गेलं.

घरी कोणालाच तिनं काही सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला? नवऱ्याला सांगावं, तर सावत्र आई मुलीवर आळ घेते असं होणार. घरात तिचं मनापासून ऐकून घेणारे एकटे आजोबा होते. छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासलेला माणूस. बोलणं मोजकं, स्वभाव मऊ. लग्न होऊन आली तेव्हा त्यांनीच तिला सांगितलं होतं, पोरीला वेळ दे, ती मनानं वाईट नाही. त्यांच्यापाशी मन मोकळं करावं असं तिच्या फार मनात आलं. पण हल्ली तेही जरा तुटक वागायचे. हाताच्या थरथरीची गोळी घेऊन दिवसा झोपायचे, बोलता बोलता भिंतीकडे बघत राहायचे. चष्म्याची तक्रार तर कायमची होती. काचांवर ठिपके दिसतात म्हणायचे. तिनं काचा बदलून दिल्या, फ्रेम बदलली, दुकानाशेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, डोळे या वयाच्या मानानं छान आहेत. ठिपके मात्र गेले नाहीत. शेवटी आजोबांनीच बोलणं सोडलं आणि काकूला वाटलं, चला, सवय झाली असेल.

बिट्टीही आता तिच्याशी बोलेनाशी झाली होती. टाकीच्या झाकणावर तिनं चिकटपट्टी लावून ठेवली होती, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. काकूनं ती पट्टी बघितली आणि तिला कळेना, हे पोर खरंच पहारा करतंय की नाटक करतंय. दोघी एकमेकींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होत्या. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवताना.

शेवटी एक दिवस काकूनं मालकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि भर दुपारी घरी निघाली. बिट्टी शाळेतून यायच्या वेळेआधी पोहोचायचं, आतल्या खोलीत बसायचं आणि बघायचं, एवढाच बेत होता. जिना चढताना तिनं चपला हातात घेतल्या. चोरी पकडायला निघालेल्या माणसालाही चोरासारखंच वाटतं, हे तिला नव्यानं कळलं. तिनं आवाज न करता कुलपात किल्ली फिरवली.

दार उघडताच नाकात वास शिरला. उग्र, गोडसर, रॉकेलसारखा. हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. आणि कोपऱ्यात, टाकीच्या कपाटाशेजारी, आजोबा गुडघ्यांवर बसलेले होते. पाठमोरे. हातात झुरळं मारायचा डबा. कपाटामागे हात घालून ते भिंतीच्या कडेनं फवारत होते. फुस्स, फुस्स. आणि पुटपुटत होते, "इथूनच येतात. इथूनच."

फवारा जिथं जात होता तिथंच हवेचा पंप होता. घूं घूं करत तो खोलीतली हवा ओढत होता आणि नळीतून टाकीत सोडत होता. झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. पाण्यात कोणी काही टाकलंच नव्हतं.

"बाबा," ती सासऱ्यांना हळूच म्हणाली.

ते दचकले नाहीत. सावकाश वळले आणि तिला बघून त्यांचा चेहरा उतरला. शाळेतलं पोर पकडलं जावं तसा. मग भिंतीकडे बोट करून म्हणाले, "बघ. रांगच्या रांग. काळे, बारीक. खिळे सांडल्यासारखे."

भिंत पांढरी स्वच्छ होती. मागच्याच वर्षी रंगवलेली.

ती त्यांच्याशेजारी खाली बसली. आजोबाच म्हणाले, "तुला दिसत नाहीत ना? मला माहीत आहे, दिसत नाहीत. दिसले असते तर तू मला चष्म्याच्या काचा बदलून दिल्या नसत्यास."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. कोणी घरात असलं की कमी दिसतात. एकटा पडलो की येतात. हा मारला की जातात थोडा वेळ." त्यांनी तिचं मनगट धरलं. "बिट्टीच्या बाबाला सांगू नकोस. माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. त्याला त्याच्या मुलांनी खोलीत कोंडून ठेवला होता. मला सगळं समजतंय गं अजून. फक्त हे दिसतं."

तिनं त्यांच्या हातातून डबा काढून घेतला. डब्यावर बारीक अक्षरांत सूचना छापलेल्या होत्या, माशांना अत्यंत विषारी, टाकी असेल तर झाकावी, पंप बंद करावा. जन्मभर बारीक अक्षरं वाचणाऱ्या माणसानं ती वाचली नव्हती. की घाईत, घाबरून, वाचायचं भानच राहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागे दार वाजलं. बिट्टी दारात उभी होती, पाठीवर दप्तर तसंच. तिनं आधी काकूच्या हातातला डबा बघितला, मग टाकी बघितली. भोपळ्या काचेवर धडका देत होता.

"मला माहीतच होतं," ती म्हणाली. आवाज अगदी थंड होता.

काकूनं आजोबांकडे बघितलं. ते खाली मान घालून बसले होते. एक वाक्य बोललं की ती सुटणार होती. पण ते वाक्य तिला उच्चारता येईना. तिकडे भोपळ्या वर येऊन तोंड उघडबंद करायला लागला.

"पंप बंद कर," ती बिट्टीला म्हणाली. "मग बादली इकडे आण, कालपासून भरून ठेवलीय ती. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. आत्ता हा मरतोय."

बिट्टी क्षणभर हलली नाही. मग तिनं दप्तर तिथंच टाकलं, बटण दाबलं आणि बादली ओढत आणली. पाणी जमिनीवर हिंदकळलं. काकूनं चिकटपट्टी ओढून काढली, झाकण उचललं. हाताला फवारा लागलेला असणार हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं जाळी बिट्टीकडे दिली. "तू काढ. तुझे हात स्वच्छ आहेत." पहिल्यांदा भोपळ्या जाळीतून निसटला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला बिट्टीनं त्याला अलगद उचलला आणि बादलीत सोडला. तो एका कुशीवर कलंडला आणि तसाच राहिला. बादलीजवळ दोघी उकिडव्या बसल्या. कल्ला हलतो की नाही याकडे दोघींचं लक्ष. हलत होता. थांबत होता, परत हलत होता.

तेव्हा मागून आजोबांचा आवाज आला.

"बिट्टी, डबा माझा आहे. तिनं तो आत्ता माझ्या हातातून घेतला." त्यांनी मान वर करून बादलीकडे बघितलं. "सगळे मासे माझ्यामुळे गेले. मला ते आत्ता कळलं."

बिट्टी वळून त्यांच्याकडे बघत राहिली. आजोबांनी तिला भिंत, रांगा, सगळं सांगितलं, तुटक तुटक. ती ऐकत होती पण एक हात तिनं बादलीच्या काठावर घट्ट धरून ठेवला होता. सगळं सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आत्ता आहेत का?"

"नाहीत. तुम्ही दोघी आहात ना."

संध्याकाळी बाबा आले तेव्हा आजोबांनी स्वतःच त्यांना जवळ बसवून घेतलं. काकूनं आधी ठरवलं होतं की आपण सांगायचं, पण तशी वेळ आली नाही. बाबा ऐकता ऐकता पायातले बूट काढायचे विसरले. कोंडून ठेवायची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी वडिलांचा हात धरला आणि नुसतीच मान हलवत राहिले. त्यानंतर काकूकडे बघून ते काही बोलू लागले, तशी ती पाणी आणायला आत गेली. तिला ते सगळ्यांसमोर ऐकायचं नव्हतं. पुढं एकदा दोघंच असताना त्यांनी तिची माफी मागितली आणि तिनंही काच पुसायच्या पाण्याचा तो प्रश्न किती लागला होता ते सांगून टाकलं.

मेंदूच्या डॉक्टरांकडे बऱ्याच चकरा झाल्या. त्यांनी सांगितलं, आजार आहे आणि तो वाढणारा आहे, पण सुरुवात आहे. हाताच्या थरथरीसाठी आजोबा जी गोळी घेत होते तिच्यानंही असे भास वाढतात, म्हणून ती बदलली. किडे कमी झाले, पुरते गेले नाहीत. आता दिसले की आजोबा लपवत नाहीत. घरात जो असेल त्याला हाक मारतात आणि विचारतात, तिथं काही आहे का बघ. बघणारा नाही म्हणाला की बहुतेक वेळा त्यांना पटतं. एखाद्या दिवशी पटत नाही, तेव्हा त्यांच्याजवळ बसून राहावं लागतं. दुपारी सोबतीला शेजारच्या निवृत्त नर्सबाई येऊन बसतात आणि दोघं पत्ते खेळतात. बाई डाव लांडीलबाडीनं जिंकतात अशी आजोबांची रोजची कागाळी असते.

भोपळ्या जगला. मात्र पोहताना तो तेव्हापासून थोडा डावीकडे कलतो.

दुकानदारानं सांगितलं होतं की स्पंज, नळी, पंप सगळं फेकून द्या, विष त्यात मुरलेलं असतं. खडेही टाकून द्यायला तो म्हणत होता, पण ते बिट्टीच्या आईनं निवडून आणलेले होते. मग तोच म्हणाला, ठीक आहे, भरपूर धुवा, उन्हात घाला, पुन्हा धुवा, आणि उरलंसुरलं विष शोषायला फिल्टरमध्ये कोळसा ठेवा. तेव्हा एका सुट्टीच्या सकाळी काकू आणि बिट्टी न्हाणीघरात खडे धुवायला बसल्या. एक पाणी ओतायची, दुसरी चोळायची. हात गारठले होते.

"तुम्हाला माझा संशय आला होता ना?" बिट्टीनं एकदम विचारलं. "म्हणून तुम्ही त्या दिवशी लवकर आलात."

काकूच्या हातातला तांब्या थांबला. नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," ती म्हणाली. "आला होता."

बिट्टीनं खडे चोळत चोळत थोडा विचार केला. "मला वाटलं, तुम्ही खोटं सांगाल." मग जरा वेळानं, "राग आला मला. पण मीपण तसंच केलं होतं."

"मलाही आला होता."

"खूप?"

"खूप."

बिट्टीनं मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी, आणि खड्यांची परात तिच्याकडे सरकवली. "अजून तवंग येतोय बघा. आणखी एकदा धुवायला लागणार." काकूनं नळ सोडला.